अतिदीर्घ बृहदांत्र

अतिदीर्घ बृहदांत्र म्हणजे मोठे आतडे नेहमीपेक्षा अधिक लांब असणे आणि त्या वाढीव लांबीमुळे त्याला पोटात जादा वेटोळी पडणे ही शारीरिक अवस्था होय. वैद्यकीय व्यवहारात तिला ‘रिडंडंट कोलन’ किंवा ‘डोलिकोकोलन’ असे म्हणतात. वळणे विशेष तीव्र असल्यास तपासणीच्या अहवालात ‘टॉर्चुअस कोलन’, म्हणजे नागमोडी बृहदांत्र, असाही उल्लेख आढळतो. हा रोग नसून शरीररचनेतील एक भेद आहे. कोणाची बोटे लांब असतात, कोणाची आखूड, त्याच जातीचा. बहुसंख्य व्यक्तींना त्याची जाणीव आयुष्यभर होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत ते उघडकीस येते. काहींना मात्र दीर्घकालीन बद्धकोष्ठ, पोट फुगणे आणि ओटीपोटातील दुखणे यांचा त्रास होतो. क्वचित लांबलेल्या वेटोळ्याला पीळ पडून जिवाला धोका उत्पन्न होतो.

शरीररचना

प्रौढ माणसाचे मोठे आतडे साधारणपणे दीड मीटर लांब असते. लहान आतडे त्याच्या चौपट लांब असूनही त्याला ‘लहान’ म्हणतात, कारण ही नावे लांबीवरून नव्हे, तर नळीच्या व्यासावरून पडली आहेत. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील उंडुकापासून मोठे आतडे सुरू होते. तेथून यकृताखालपर्यंत वर चढणारा तो आरोही भाग, पोटात आडवा पसरलेला तो अनुप्रस्थ भाग आणि प्लीहेजवळ वळून डाव्या बाजूने खाली उतरणारा तो अवरोही भाग. त्यानंतरचा वाकडा भाग ग्रीक लिपीतील सिग्मा या अक्षरावरून ‘सिग्मॉइड’ या नावाने ओळखला जातो. संस्कृत लेखनातील अवग्रहाच्या चिन्हाशी (ऽ) त्याचा आकार इतका जुळतो की, त्याला अवग्रहाकार आंत्र म्हणणे मराठी वाचकास अधिक सोयीचे ठरावे. या भागानंतर गुदाशय येतो.

या भागांपैकी आरोही आणि अवरोही हे दोन भाग पोटाच्या मागील भिंतीस चिकटलेले असल्याने सहसा जागचे हलत नाहीत. अनुप्रस्थ आणि अवग्रहाकार भाग मात्र आंत्रबंध नावाच्या पातळ पडद्याने भिंतीशी जोडलेले असतात. दोरीवर वाळत घातलेले ओले धोतर जसे मधोमध खाली ओथंबते, तसा अनुप्रस्थ भाग या पडद्याच्या आधाराने खाली झुकू शकतो. जादा लांबी बहुधा या दोन सैल भागांतच दिसून येते आणि त्यांतही अवग्रहाकार भागात सर्वाधिक.

मोठ्या आतड्याची किती लांबी ‘जादा’ मानावी, याविषयी सर्वमान्य आकडा नाही. त्यामुळे व्यवहारात सेंटिमीटरपेक्षा स्थानाला महत्त्व दिले जाते. कंबरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडांना जोडणारी एक आडवी रेषा कल्पावी. अवग्रहाकार भागाचे वेटोळे या रेषेच्या वर गेले असेल, अनुप्रस्थ भाग त्याच रेषेच्या खाली ओथंबला असेल, किंवा यकृत व प्लीहा यांजवळच्या वळणांना जादा फासे पडले असतील, तर बृहदांत्र अतिदीर्घ आहे असे म्हणतात. ही कसोटी चित्रावर अवलंबून असल्याने दोन तज्ज्ञांचे अहवाल एकमेकांशी तंतोतंत जुळतीलच असे नाही. ‘आतडे लांब आहे’ हे वाक्य अहवालात वाचून हवालदिल होणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

स्त्रियांचे मोठे आतडे पुरुषांच्या तुलनेत किंचित लांब असते. बेरियमच्या क्षकिरण चित्रांवरून केलेल्या एका ब्रिटिश मोजणीत स्त्रियांमध्ये ही लांबी १५५ सेंटिमीटर, तर पुरुषांमध्ये १४५ सेंटिमीटर आढळली. मुख्य फरक अनुप्रस्थ भागात होता. स्त्रियांची देहयष्टी तुलनेने लहान असल्यामुळे हीच लांबी कमी जागेत मावावी लागते आणि वळणे अधिक तीव्र होतात.

कारणे

गर्भावस्थेच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडे इतक्या वेगाने वाढते की गर्भाच्या पोटात त्याला जागा पुरत नाही. ते नाभिरज्जूत शिरते, तेथे स्वतःभोवती फिरते आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास पोटात परतते. या सगळ्या प्रवासात एकूण २७० अंशांचा फेरा पूर्ण होतो. त्यानंतर आरोही व अवरोही भाग मागील भिंतीस चिकटतात. या वाढीत, फिरण्यात किंवा चिकटण्यात व्यक्तिगणिक थोडाफार फरक पडतो. अर्भकांमध्ये अवग्रहाकार भाग शरीराच्या मानाने लांबच असतो. अतिदीर्घ बृहदांत्र अगदी लहान मुलांतही आढळत असल्याने ते मुळात जन्मजात असावे, असे मत मांडले जाते. दुसरे मत असे की, वर्षानुवर्षांचे बद्धकोष्ठ, साचणारा मल आणि वायू यांच्या ताणामुळे आतडे हळूहळू सैलावते व लांबते. दोन्ही मतांत तथ्य असणे अशक्य नाही.

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत, विशेषतः बोलिव्हिया आणि पेरू या देशांतील ३,००० मीटरहून अधिक उंचीवरच्या वस्त्यांमध्ये, लांब आणि रुंद अवग्रहाकार आंत्र पुष्कळ आढळते. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने आतड्यातील वायू प्रसरण पावतो, आणि तेथील आहार चोथायुक्त असतो. या दोहोंचा तो परिणाम असावा असे तेथील शल्यविशारद मानतात.

नाव आणि इतिहास

‘डोलिकोकोलन’ या शब्दातील ‘डोलिकोस’ म्हणजे ग्रीक भाषेत ‘लांब’. शवविच्छेदन करणाऱ्या शरीरशास्त्रज्ञांना जादा वेटोळी एकोणिसाव्या शतकातच ठाऊक होती. तथापि जिवंत माणसाच्या पोटातील आतडे पाहण्याची सोय क्षकिरणांच्या शोधानंतर झाली. बेरियमची चित्रे पाहून लार्डेनुआ आणि ओबूर्ग या फ्रेंच डॉक्टरांनी १९१४ मध्ये हा शब्द रूढ केला.

तो काळ आतड्याविषयीच्या भीतीचा होता. मोठ्या आतड्यात मल साचून राहिला की त्यातून विषे रक्तात भिनतात व थकवा, डोकेदुखी, नैराश्य, संधिवात, अकाली वार्धक्य असे अनंत विकार जडतात, अशी ‘स्वविषबाधे’ची कल्पना युरोपात सर्वदूर पसरली होती. १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे इल्या मेचनिकॉफ यांच्यासारखे शास्त्रज्ञही मोठ्या आतड्याला निरुपयोगी आणि घातक मानत असत. लंडनमधील गाय्ज रुग्णालयाचे शल्यविशारद सर विल्यम आर्बथनॉट लेन (१८५६–१९४३) यांनी ही कल्पना टोकास नेली. लांबलेले, ओथंबलेले, ‘मुरड पडलेले’ आतडे हे सर्व विकारांचे मूळ ठरवून त्यांनी अनेक रुग्णांचे मोठे आतडे सरळ कापून काढले. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘द डॉक्टर्स डिलेमा’ या नाटकात, दिसेल त्या रुग्णाच्या शरीरातील एक काल्पनिक पिशवी कापू पाहणारा वॉलपोल नावाचा शल्यविशारद आहे. तो लेन यांच्यावरूनच बेतला असावा असे मानले जाते. पुढे स्वतः लेन यांनी शस्त्रक्रियेकडून आहाराकडे मोहरा वळवला आणि १९२५ मध्ये लोकांना चोथायुक्त अन्नाचे महत्त्व सांगणारी ‘न्यू हेल्थ सोसायटी’ स्थापन केली.

स्वविषबाधेच्या कल्पनेला १९१९ मध्ये अमेरिकी वैद्य वॉल्टर अल्वारेझ यांनी धक्का दिला. बद्धकोष्ठामुळे होणारी डोकेदुखी, मरगळ आणि बेचैनी शौचास होताच काही क्षणांत नाहीशी होते; रक्तात विष भिनले असते तर ती इतक्या लवकर ओसरली नसती, असा त्यांचा साधा युक्तिवाद होता. गुदाशयात कापसाचे बोळे ठेवूनही तीच लक्षणे उत्पन्न करता येतात, हे त्यांनी दाखवले. त्रास विषाचा नसून ताणाचा असतो, हे त्यावरून स्पष्ट झाले. तरीही ‘आतडी धुऊन विष बाहेर काढण्याच्या’ जाहिराती शंभर वर्षांनंतरही थांबलेल्या नाहीत.

भारतीय परंपरेत लांबीचा विचार नसला तरी व्यक्तिगणिक कोठा वेगळा असतो हे तत्त्व जुने आहे. आयुर्वेदाने मृदू, मध्यम आणि क्रूर असे कोष्ठाचे तीन प्रकार मानले आहेत. एकाला दुधानेही रेच होतात, तर दुसऱ्यावर तीव्र रेचकाचाही प्रभाव पडत नाही, हे निरीक्षण त्यामागे आहे. वाताचे मुख्य स्थान पक्वाशय, म्हणजे पचनमार्गाचा खालचा भाग, असे तेथे सांगितले आहे. मराठीतील ‘कोठा जड असणे’, ‘कोठा साफ होणे’ हे प्रयोग याच विचारातून आले आहेत.

लक्षणे

लहान आतड्याकडून मोठ्या आतड्यात दररोज सुमारे दीड लिटर द्रव येतो. त्यातील बहुतेक पाणी शोषले जाऊन जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर मलाबरोबर बाहेर पडते. आतडे लांब असल्यास मलाचा मुक्काम वाढतो, पाणी अधिक शोषले जाते व मल कोरडा, खड्यासारखा होतो, हे तर्काला पटण्यासारखे आहे. प्रत्यक्षात मात्र लांबी आणि बद्धकोष्ठ यांचे नाते इतके सरळ नाही. मोठे आतडे खूप लांब असूनही रोज विनासायास शौचास होणारे लोक आहेत. लांबी सामान्य असूनही वर्षानुवर्षे बद्धकोष्ठाने त्रासलेलेही आहेत. बद्धकोष्ठाविषयीच्या रूढ समजुती तपासणारा एक आंतरराष्ट्रीय आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. लांब आतडे हे बद्धकोष्ठाचे कारण असल्याचा पुरेसा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. डेन्मार्कमधील काही शल्यविशारदांनी त्यानंतर वेगळे मत मांडले. त्यांच्या पाहणीत जितकी वेटोळी अधिक तितका मलाचा प्रवास मंद, असे दिसले. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

ज्यांना त्रास होतो त्यांची तक्रार बहुधा अशी असते: तीन-चार दिवस शौचास न होणे, झाले तरी पोट मोकळे न वाटणे, संध्याकाळपर्यंत पोट तट्ट फुगणे आणि डाव्या ओटीपोटात कळ येणे. प्लीहेजवळच्या उंच वळणात वायू अडकला की बरगडीखाली, कधी छातीतही दुखते. छातीतील दुखणे ‘गॅसचे’ म्हणून अंगावर काढणे मात्र धोक्याचे आहे. आधी हृदयविकार नाही याची खात्री करून घ्यावी लागते.

शौचातून रक्त पडणे, कारणाविना वजन घटणे, रक्तक्षय होणे किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक बदल होणे, ही अतिदीर्घ बृहदांत्राची लक्षणे नव्हेत. जुन्या अहवालात आतडे लांब असल्याचे लिहिलेले असले तरी त्यांचा दोष त्यावर टाकून थांबता येत नाही. कर्करोग आणि अन्य विकार वगळण्यासाठी नव्याने तपासणी करावी लागते.

निदान

पूर्वी बेरियमचा एनिमा देऊन घेतलेले क्षकिरण चित्र हेच निदानाचे मुख्य साधन होते. आता सीटी स्कॅनमध्ये, विशेषतः आतड्यात हवा भरून केलेल्या सीटी कोलोनोग्राफीत, वेटोळी स्पष्ट दिसतात. मलाचा प्रवास किती वेगाने होतो हे पाहायचे असल्यास क्षकिरणांत दिसणाऱ्या बारीक कड्या असलेली कॅप्सूल गिळण्यास देतात आणि काही दिवसांनी किती कड्या कोठे उरल्या आहेत ते मोजतात. ही चाचणी लांबीपेक्षा अधिक उपयुक्त माहिती देते, कारण कड्या सर्वत्र विखुरलेल्या असतील तर आतडे मंद आहे आणि त्या गुदाशयापाशी साचल्या असतील तर दोष बाहेर टाकण्याच्या क्रियेत आहे, असा अंदाज बांधता येतो. दुसऱ्या प्रकारात शौचाच्या वेळी सैल व्हायला हवेत ते ओटीपोटाच्या तळाचे स्नायू उलट आवळले जातात. अशा रुग्णाला रेचकांपेक्षा त्या स्नायूंच्या प्रशिक्षणाचा, म्हणजे बायोफीडबॅकचा, अधिक गुण येतो.

कधीकधी लांब आतड्याचा एखादा फासा यकृत आणि श्वासपटल यांच्यामध्ये शिरतो. छातीच्या क्षकिरण चित्रात श्वासपटलाखाली हवा दिसल्याने आतडे फुटल्याचा भास होतो आणि अनावश्यक शस्त्रक्रियेचा प्रसंग ओढवू शकतो. डिमिट्रियस किलाइडिटी यांनी १९१० मध्ये व्हिएन्नात याचे वर्णन केले. म्हणून ही खूण त्यांच्या नावाने ओळखली जाते.

अतिदीर्घ बृहदांत्र हे महाबृहदांत्राहून वेगळे आहे. महाबृहदांत्रात नळीचा व्यास वाढतो. हिर्शस्प्रुंग विकारात आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी जन्मतःच नसतात, तर दक्षिण अमेरिकेतील चागास रोगात परजीवीमुळे त्या नष्ट होतात. दोन्हींत आतडे फुगत जाते.

दुर्बीण तपासणीतील अडचण

ज्यांना कोणताही त्रास नाही अशांनाही आपल्या आतड्याच्या लांबीचा पत्ता बहुधा कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीच्या, वेळी लागतो. लवचीक दुर्बीण पुढे ढकलली की सैल आतडे तिच्यासोबत ताणले जाते, फासा मोठा होतो आणि दुर्बिणीचे टोक आहे तेथेच राहते. आंत्रबंध ताणला गेल्याने रुग्णाला वेदना होतात. अनुभवी तज्ज्ञ अशा वेळी जोर लावत नाहीत. ते दुर्बीण मागे घेऊन, फिरवून फासा उलगडतात, रुग्णाला कुशीवर वळवतात, साहाय्यकाला पोटावर हाताने दाब द्यायला सांगतात, किंवा हवेऐवजी पाणी सोडत पुढे जातात. लहान मुलांसाठी असलेली बारीक दुर्बीणही कधी कामी येते.

इतके करूनही टोक उंडुकापर्यंत पोहोचले नाही तर तपासणी अपूर्ण राहते. हा मुद्दा क्षुल्लक नाही. न पाहिलेल्या उजव्या भागात गाठ किंवा कोंब असू शकतो. म्हणून अहवालात ‘उंडुकापर्यंत पोहोचलो’ असे लिहिले आहे की नाही हे रुग्णाने अवश्य विचारावे, आणि नसल्यास सीटी कोलोनोग्राफी किंवा अधिक अनुभवी तज्ज्ञाकडून पुन्हा तपासणी यांविषयी बोलून घ्यावे. अशा व्यक्तींना तपासणीपूर्वीचे रेचकही अधिक प्रमाणात वा अधिक काळ घ्यावे लागू शकते. पुढील प्रत्येक तपासणीच्या वेळी जुना अहवाल सोबत नेल्यास डॉक्टरांना आधीच तयारी करता येते.

दैनंदिन जीवन आणि उपचार

आतड्याची लांबी औषधाने कमी होत नाही. उपचार होतो तो लक्षणांवर. त्याची सुरुवात सवयींपासून होते. सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्यानंतर मोठ्या आतड्याची हालचाल निसर्गतःच वाढते. त्या वेळी आलेली शौचाची भावना कामाच्या धांदलीत दाबून टाकली की ती पुढे दुर्बळ होत जाते. सकाळी सहाची लोकल गाठणारा नोकरदार किंवा शाळेतील अस्वच्छ शौचालय टाळणारी मुलगी यांचे बद्धकोष्ठ आतड्याच्या लांबीपेक्षा याच सवयीने वाढते. उकिडवे बसल्याने गुदाशय आणि गुदद्वार यांच्यातील कोन सरळ होतो व मल कमी जोर लावून बाहेर पडतो. गुडघेदुखीमुळे कमोड वापरणाऱ्यांना पायाखाली ठेंगणा पाट घेऊन तो लाभ बराचसा मिळवता येतो.

चोथायुक्त आहाराने बहुतेकांना बरे वाटते. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट डाळी, पालेभाज्या, पेरू, अंजीर हे पदार्थ महाराष्ट्रात सहज मिळतात. याउलट उपवासाच्या दिवशी खाल्ला जाणारा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात चोथा नगण्य असतो. इसबगोलाची भुशी पाण्यात फुगून मल मऊ ठेवते. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, कोरडी गिळू नये. तथापि चोथा हा सर्वांवरचा उतारा नव्हे. ज्यांचे आतडे खरोखरच मंद आहे त्यांना चोथा वाढवल्यावर पोटफुगीच वाढल्याचा अनुभव येतो. अशांनी तो हळूहळू वाढवावा किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करावा. पाण्याबाबतही हेच. शरीरात पाण्याची कमतरता असल्यास ते पिऊन फायदा होतो. पुरेसे पाणी पिणाऱ्याने आणखी दोन तांबे रिचवल्याने मल मऊ होत नाही, ते मूत्रावाटे निघून जाते.

एवढ्याने भागत नसेल तर पाणी धरून ठेवणारी लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल ही औषधे देतात. आतड्याला चालना देणाऱ्या बिसाकोडिल व सोनामुखी यांच्याविषयी ‘सवय लागते, आतडे निकामी होते’ अशी भीती घरोघरी असते. ठरावीक मात्रेत, वैद्यकीय सल्ल्याने घेतल्यास त्यांनी आतड्याची हानी होते असे दिसून आलेले नाही. मात्र स्वतःच्या मनाने मात्रा वाढवत नेल्यास वारंवार जुलाब होऊन शरीरातील पोटॅशियमसारखे क्षार कमी होऊ शकतात. मुलांना ठरावीक दिवशी एरंडेल पाजण्याची जुनी प्रथा अनेक घरांतून होती. ज्या मुलाला बद्धकोष्ठच नाही त्याला तिचा काही उपयोग नव्हता. लोह, कॅल्शियम, काही वेदनाशामके व रक्तदाबाची काही औषधे बद्धकोष्ठ वाढवतात. थायरॉइडची उणीवही तसाच परिणाम घडवते. आतड्याच्या लांबीला दोष देण्यापूर्वी ही कारणे पाहिली जावीत.

आतड्याला पीळ पडणे

अतिदीर्घ बृहदांत्राचा सर्वांत गंभीर परिणाम म्हणजे आतड्याला पीळ पडणे. अवग्रहाकार भाग लांब आणि त्याच्या आंत्रबंधाचे मूळ अरुंद असले की वेटोळ्याचे दोन्ही पाय एकमेकांजवळ येतात व ते स्वतःभोवती फिरू शकते. पीळ पडताच मल व वायू यांचा मार्ग दोन्ही टोकांनी बंद होतो, वेटोळे फुगते आणि रक्तवाहिन्या आवळल्या जाऊन आतडे कुजू लागते. आफ्रिका, मध्यपूर्व, भारतीय उपखंड, रशियाचे काही भाग आणि दक्षिण अमेरिका येथे हा प्रकार पश्चिम युरोपापेक्षा बराच अधिक आढळतो. भारतात तो उत्तरेकडील राज्यांत विशेष दिसतो.

पोट झपाट्याने फुगणे, कळा येणे आणि शौच व वायू दोन्ही पूर्ण बंद होणे ही त्याची खूण. उलटी बहुधा उशिरा होते. अतिदीर्घ बृहदांत्र असलेल्या व्यक्तीच्या घरातील माणसांना ही खूण माहीत असणे आवश्यक आहे. नेहमीच्या बद्धकोष्ठात वायू सरत असतो, येथे तोही सरत नाही. अशा वेळी घरी रेचक किंवा एनिमा देत बसणे घातक आहे. तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे लागते. वृद्ध, अंथरुणाला खिळलेले आणि मानसिक आजाराची औषधे घेणारे रुग्ण यांना हा धोका अधिक असतो. त्यांना आपला त्रास नीट सांगता येत नसल्याने निदानास उशीर होतो.

साध्या क्षकिरण चित्रात फुगलेले वेटोळे कॉफीच्या बीसारखे दिसते. आतडे कुजल्याची चिन्हे नसतील तर गुदद्वारातून दुर्बीण घालून पीळ सोडवतात आणि वायू निघून जाण्यासाठी नळी ठेवतात. नॉर्वेतील ब्रूसगार्ड यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अनुभवानंतर ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. ताप, पोट कडक होणे, नाडी जलद चालणे ही कुजण्याची लक्षणे असल्यास मात्र तत्काळ शस्त्रक्रिया करावी लागते. पीळ सुटला तरी वेटोळे तेथेच असल्याने तो पुन्हा पडण्याचा संभव मोठा असतो. म्हणून प्रकृती झेपणारी असल्यास त्याच मुक्कामात किंवा त्यानंतर लवकरच तो भाग काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो.

शस्त्रक्रिया

पीळ पडून गेलेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेची गरज निर्विवाद आहे. केवळ बद्धकोष्ठासाठी ती करावी की नाही, याचे उत्तर अवघड आहे. सर्व औषधे थकली आहेत, आतडे मंद असल्याचे चाचणीने सिद्ध झाले आहे आणि शौचाच्या स्नायूंत दोष नाही, अशा मोजक्या रुग्णांतच तिचा विचार होतो. बहुतांश मोठे आतडे काढून लहान आतड्याचे टोक गुदाशयाला जोडले की शौच वारंवार होऊ लागते. परंतु काहींना सततचे जुलाब, शौच रोखता न येणे किंवा चिकटलेल्या आतड्यामुळे वारंवार अडथळा होणे यांना सामोरे जावे लागते. पोटदुखी आणि पोटफुगी अनेकदा तशीच राहते. ज्या रुग्णाची मुख्य तक्रार दुखण्याची किंवा फुगण्याची आहे, त्याला चित्रातील लांब वेटोळे दाखवून शस्त्रक्रिया सुचवली गेल्यास त्याने दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्यावाचून संमती देऊ नये.